मिरची का माशी?

आमच्या गल्लीत नवा भाडेकरू आला की पहिला आठवडाभर तो शिंकतो. मग एक तर सरावतो, नाहीतर दुसरीकडे घर बघतो. माझ्या नणंदेचे यजमान पहिल्यांदा उन्हाळ्यात आले तेव्हा डोळे पुसत पुसत मला म्हणाले, "वहिनी, तुमच्याकडे गॅस गळतोय का?" मी म्हटलं, "नाही हो, समोर ब्याडगी चाललीय." त्यांना वाटलं ब्याडगी म्हणजे मिरची नव्हे, कुठल्या तरी बाईचं नाव.

समोर बसाप्पाकाकांचा डंक आहे. आमच्या कोल्हापूरकडे मिरची कुटायच्या यंत्राला डंक म्हणतात. खाली लोखंडी उखळ, वर विजेवर चालणारी दोन मुसळं. एक वर गेलं की दुसरं खाली येतं. पाडव्यापासून मृगापर्यंत आमच्या उचगावच्या बायका वर्षाची चटणी करून घ्यायला मिरची, भाजलेला मसाला, लसूण, खोबरं असं सगळं घेऊन इथं येतात आणि आपली चटणी दुसरीच्या चटणीत मिसळू नये म्हणून उखळावर नजर ठेवून बसतात. मीही बसते. बी.ए.ला माझा विषय मानसशास्त्र होता. त्याचा जो काही उपयोग झाला तो त्या बाकड्यावर झाला.

बसाप्पाकाका स्वतः कधी शिंकत नाहीत. तांबडी झालेली बनियन, गळ्यातल्या शिवदाऱ्यात लिंग, कपाळाला विभूती, आणि विभूतीवर मिरचीची पूड बसून झालेला गुलाबी पट्टा. मूळचे नेसरीचे. तरुणपणी फाउंड्रीत साच्यात लोखंड ओतायला होते. तिथल्या आवाजानं कान जरा गेले. मग कर्ज काढून डंक घेतला, कारण, त्यांच्याच शब्दांत, "कान गेल्यावर माणसानं आवाजाचाच धंदा करावा, म्हंजे कमीपणा वाटत न्हाय." ऐकायला कमी येत असल्यानं ते जगाशी मोठ्यानं बोलतात, आणि ओळखीचा असो नसो, समोरचा प्रत्येक पुरुष त्यांचा 'पावणं' असतो. वीजबिल द्यायला येणाऱ्यालासुद्धा ते 'या पावणं' म्हणून खुर्ची देतात.

दोन वर्षांपूर्वी हायवेच्या कडेला एक एसी मसाला सेंटर सुरू झालं. काचेची दारं, पांढऱ्या टोपीवाले कामगार, वाट बघताना प्यायला कॉफी. तिथं चटणी कुटत नाहीत, दळतात. काकांच्या लेखी हे म्हणजे पुरणपोळी मिक्सरमधून काढण्यासारखं. पण गिऱ्हाईक तिकडं जाऊ लागलं. बाकड्यावर जागा मिळायला लागली तेव्हाच मला कळलं की काहीतरी बिघडलंय.

त्यांचा मुलगा शिवशरण शिरोलीच्या कारखान्यात सुपरवायझर आहे. सरळ माणूस, पण हिशोबी. यंदा पाडव्याच्या दिवशी गुढीला नमस्कार करून झाल्यावर त्यानं वडिलांना सांगून टाकलं, "अप्पा, हा शेवटचा सीझन. मृगापर्यंत बाकडं भरलं तर बरं, न्हायतर डंक काढायचा आणि गाळा एटीएमला द्यायचा. एटीएमला शिंका येत न्हाईत."

काकांच्या पत्नी रत्नव्वाकाकू मला नंतर म्हणाल्या, "त्या दिवशी पुरणपोळी दोनच खाल्ली बघा. एरवी मोजायचं काम नसतंय."

धीर दिला तो सुनेनं. पवित्रा संकेश्वरची, म्हणजे मिरचीच्याच गावची. घरी बसून कुठल्या तरी बंगळूरच्या कंपनीसाठी 'डिजिटल'चं काम करते. सासऱ्यांना 'मावा' म्हणते, मला 'अक्का'. एका दुपारी डंक बंद असताना तिनं आम्हा सगळ्यांना बाकड्यावर बसवलं.

"मावा, आता लोक आधी गूगलला विचारतात, मग घरातनं बाहेर पडतात. तिथं वर दिसायच्या दोन वाटा आहेत. एक, जाहिरात. पैसे भरायचे, की लगेच सगळ्यांच्या वर. पैसे संपले की गायब. कुणी नुसतं बोट लावलं तरी पैसे जातात."

"आणि दुसरी?"

"दुसरी, एसईओ. त्याला पैसे नाहीत, कष्ट आहेत. आपलं नाव, पत्ता, फोटो नीट ठेवायचे. लोक जे विचारतात त्याची उत्तरं लिहायची. गिऱ्हाइकांनी चार चांगले शब्द लिहायचे. मग सावकाश आपण आपोआप वर येतो, आणि राहतो."

"किती सावकाश?"

"चार-सहा महिने."

"तंवर पाऊस पडंल की गं! मृगात कोण चटणी करतंय?"

"म्हणून तर दोन्ही लागतात. सीझनपुरती जाहिरात, आणि पुढच्या वर्षासाठी एसईओ. किती पैसे इकडं, किती कष्ट तिकडं, हा तोल सांभाळणं हेच माझं काम आहे."

काकांनी डंकाकडं बघितलं. मग म्हणाले, "म्हंजे जाहिरात ही बोंब, आणि एसईओ हे नाव."

पवित्रानं क्षणभर विचार केला. "बरोबर, मावा. आमच्या साहेबांनी याच्यावर दोन तासांचं प्रेझेंटेशन दिलं होतं."

इथपर्यंत सगळं शहाणपणाचं होतं. पण त्या दिवसापासून घरात दोन पक्ष झाले. काका बोंबवाले, रत्नव्वाकाकू नाववाल्या. काकूंचं म्हणणं, पैसे देऊन ओरडायचं तर आपण काय मेलोय, आपलं आपण ओरडू. काकांचं म्हणणं, नावाला वेळ लागतो, त्यांच्या आजोबांना नाव मिळालं ते वारल्यावर. जेवताना एक म्हणायचा बोंब, दुसरी म्हणायची नाव, आणि मधे बसलेला शिवशरण म्हणायचा, "भाकरी."

पवित्रा बोलता बोलता एकदा असंही म्हणाली होती की आपल्या कामाचे शब्द लिखाणात यायला पाहिजेत, म्हणजे गूगलला कळतं. काकांना हे फार पटलं. फक्त लिखाण म्हणजे काय, हे त्यांनी त्यांच्या परीनं ठरवलं. तिसऱ्या दिवशी सकाळी मी दार उघडलं तर पेंटर शिडीवर होता आणि गाळ्याच्या अख्ख्या भिंतीवर तांबड्या ऑइलपेंटनं लिहिलेलं होतं: 'उचगाव डंक. डंक उचगाव. उचगावातला डंक. मिरची डंक, चटणी डंक, डंक म्हणजे डंक, उचगाव.'

"काका, हे काय?"

"एसईओ."

"अहो, ते फोनमध्ये करायचं असतं."

"वैनी, गूगलची गाडी फोटो काढत फिरती म्हणं. फिरती न्हवं? मंग वाचंल की येता-जाता."

आणि एवढ्यावर थांबले असते तर बसाप्पाकाका कसले. ते बोलायलाही तसंच लागले. माझ्या हातात पिशवी बघून म्हणायचे, "या वैनी, उचगावच्या मिरचीच्या चटणीच्या डंकावर या! डंकाची चटणी उचगावची मिरची करायची न्हवं आज?" गिऱ्हाईक बाई बावचळून म्हणायची, "व्हय... म्हंजे... चटणीच." पवित्रा कपाळाला हात लावायची. "मावा, असं कोंबलं तर गूगल उलट खाली ढकलतं. माणसांशी बोलल्यासारखं लिहायचं असतं."

"माणसांशीच तर बोलतोय की मी."

जाहिरातीचं पवित्रा आठवडाभरात बघणार होती. तेवढ्यात तिच्या आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन ठरलं आणि तिला संकेश्वरला जावं लागलं. जाताना सांगून गेली, "मावा, मी आल्यावर करू. हात लावू नका."

सीझन चालला होता. बाकडं अर्धं रिकामं होतं. काकांनी हात लावला.

पुढचं मला रत्नव्वाकाकूंनी सांगितलं. दुपारी चष्मा लावून काका फोन घेऊन बसले. फोननं विचारलं, लोकांनी काय शोधलं की तुमची जाहिरात दाखवायची? काकांनी लिहिलं: डंक. काकू म्हणाल्या, जरा 'मिरची' लिवा. काका म्हणाले, "डंक म्हटल्यावर मिरची आलीच की. डंकात काय दगड कुटत्यात व्हय?" फोननं विचारलं, जाहिरातीत काय लिहायचं? काकांनी लिहिलं: 'डंक? ताबडतोब या! वाट बघायला लागत नाही. दहा मिनिटांत मोकळे.' मग फोननं विचारलं, कुठं दाखवायची? खाली उचगाव होतं, कोल्हापूर होतं, महाराष्ट्र होता आणि भारत होता.

"भारत दाब," काका म्हणाले.

"भारत कशाला?" काकू म्हणाल्या.

"देशाचं नाव समोर आल्यावर खालचं दाबतीस व्हय? बरं दिसतंय का?"

शेवटी फोननं आणखी एक विचारलं. तुमच्या दुकानात पुढील सेवा मिळते का: डंकावर उपाय. काका म्हणाले, "उपाय, दुरुस्ती, समदं मीच करतोय." आणि 'हो' दाबलं.

आता आम्ही कोल्हापूरकर सोडले तर या देशात डंक म्हणजे काय, हे सांगायला नको. मराठीत आपण डंख म्हणतो, पण हिंदीवाले डंकच म्हणतात, आणि ज्याला विंचू चावलाय तो शुद्धलेखन बघत नाही.

पहिला फोन आला तेव्हा मी तिथंच होते, माझी संकेश्वरी मिरची उखळात होती. काकांनी डंक थांबवून फोन कानाला लावला. स्पीकर चालूच असतो, त्याशिवाय त्यांना ऐकू येत नाही.

"हॅलो, डंक?"

"व्हय, डंकच! बोला पावणं!"

"भैया, बिच्छू का डंक है।"

काकांनी फोनवर हात ठेवून काकूंना विचारलं, "बिच्छू कुठली मिरची गं?"

"नवीन निघाली आसंल. तिकडं कर्नाटकात रोज एक निघतीया."

"किती हाय पावणं?"

"कितना क्या? एक ही है। मगर बहुत जलन हो रही है।"

"एक किलोला एवढी जळजळ? लई तिखट दिसती. बरं, आसं करा. देठं काढा, उन्हात वाळवा, आणि भाजून घेऊन या."

पलीकडचा माणूस गोंधळला. मग, "किसको भून के लाएँ?"

"तेलावर भाजा. कोरडं भाजू नका, करपतंय."

पलीकडं एका बाईचा रडवेला आवाज आला, "भैया, इनका पैर है!"

"पैर भाजून कशाला..." एवढं काका म्हणाले आणि माझ्या डोक्यात लख्ख झालं. मी फोन हिसकावून घेतला आणि जमेल तशा हिंदीत सांगितलं की पाय हलवू नका, वेळ घालवू नका, जवळच्या सरकारी दवाखान्यात न्या, आत्ताच्या आत्ता. ते इंदूरच्या पलीकडचे कुणी होते. संध्याकाळी त्यांचा पुन्हा फोन आला, इंजेक्शन मिळालं, आराम आहे. "अंकलजी को प्रणाम बोलिए।"

काका हे ऐकून सुन्न झाले. मला वाटलं आता जाहिरात बंद करतील. ते म्हणाले, "वैनी, बघा, इंदूरपातुर गेलं की नाव!"

"गिऱ्हाईक न्हवं ते, पेशंट हाय," काकू म्हणाल्या.

मग रोजच सुरू झालं. बिहारमधून मधमाशी, राजस्थानातून विंचू, नागपूरकडून गांधीलमाशी. जाहिरातीचे रोजचे पैसे दुपारच्या जेवणाआधी संपायचे, तोवर काका फोनला चिकटून असायचे. प्रत्येकाला ओरडून सांगायचे, "पावणं! दवाखाना! पहले दवाखाना!" पवित्राला फोन करून सांगावं तर काकू म्हणाल्या, तिच्या आईचा डोळा बांधलेला हाय, नको. आणि जाहिरात बंद कशी करायची, हे काकांना माहीत नव्हतं. चालू करायचं बटण जिथं होतं तिथं ते परत गेले, तर फोननं रोजची रक्कम वाढवायची का म्हणून विचारलं आणि त्यांनी घाबरून फोन तांदळाच्या डब्यात ठेवला.

खरा घोटाळा पुढं झाला. ज्यांना आराम पडला ते कृतज्ञ लोक. त्यांनी काकांच्या दुकानाला भराभर स्टार दिले. वर लिहिलं, 'विंचवासाठी उत्तम.' 'अंकल ने तुरंत सही जगह भेजा।' 'मधमाशीला एकदम रामबाण, फक्त थोडं ओरडतात.' म्हणजे पवित्रा ज्याला नाव म्हणत होती, चार-सहा महिन्यांत सावकाश येणारं, ते काकांना पंधरा दिवसांत मिळालं. फक्त ते दुसऱ्याच धंद्यातलं होतं.

आता चटणीसाठी शोधणारी बाई गूगलवर उचगावचा डंक बघायची, खालचं वाचायची आणि एसी सेंटरला जायची. शेजारच्या गांधीनगरहून एक बाई आली ती आधी उखळात वाकून बघत होती. "काका, खरं सांगा, चटणीत विंचू निघाला होता का?"

एकही शिंक ऐकू न येता दुपार सरायला लागली. आमच्या गल्लीत अशी शांतता मी कधी ऐकली नव्हती.

शेवटी शिवशरणनं मृगाची वाट बघितली नाही. डंकाचा फोटो काढून 'जुने यंत्र विकणे आहे' म्हणून नेटवर टाकला. हातकणंगल्याच्या एका माणसानं घेतो म्हणून सांगितलं. "अप्पा, रविवारी माणूस येतोय डंक काढायला," शिवशरण म्हणाला. "भांडू नका."

रविवारी सकाळी काकांनी अंघोळ केली, लिंगपूजा केली आणि डंकाला तेल दिलं. विकायच्या म्हशीला धुतात तसं त्याला पुसलं. रत्नव्वाकाकूंनी मला हाक मारली, म्हणाल्या, "वैनी, तुम्ही हितं बसा. माणूस शिकल्यालं कुणी आसलं की ह्ये जरा बेतानं बोलत्यात." मी बाकड्यावर बसले.

थोड्या वेळानं रिजवानची रिक्षा आली. रिजवान उचगाव फाट्यावरचा, आमच्या सगळ्यांच्या ओळखीचा. आतून एक धिप्पाड गृहस्थ उतरले. तोंड-डोकं सगळं पंचानं बांधलेलं, फक्त एक डोळा दिसत होता. डंकावर येताना पुष्कळजण ठसका लागू नये म्हणून तोंड बांधतात, त्यामुळे त्यात आम्हाला काही वाटलं नाही.

"डंक इथंच ना?" पंचातून आवाज आला.

"हितंच," काका म्हणाले. पावणं म्हणाले नाहीत. मी तेव्हाच पदर सावरला.

"काढायचाय."

"कोण सांगितलं तुम्हाला?"

"नेटवर बघितलं."

"नेटवर टाकणारा माझा पोरगा हाय. मालक मी हाय."

"मालक कोणी असो हो काका, लवकर काढा. सहन होत नाही."

"तुम्हाला सहन होत न्हाय?" काकांचा आवाज चढला. "मी इतकी वरसं सांभाळलाय, मला इचारा!"

"इतकी वर्षं?" ते गृहस्थ थक्क झाले. "अहो, मला अर्धा तास झाला तर जीव चाललाय!"

"जीव माझा चाललाय!"

"खोल गेलाय हो फार..."

"खोल जाणारच की! तीन फूट खाली सिमेंटात रोवलाय!"

त्यांचा तो एक डोळा मोठा झाला. "तीन फूट? मग... चिमट्यानं नाही निघणार?"

"चिमट्यानं? क्रेन आणा, क्रेन!"

गृहस्थांनी मागं सरून रिजवानचा हात धरला. रिजवान म्हणाला, "चाचा, पावण्याला काय झालंय? मला म्हणाले डंकावर सोडा, मी सोडलं."

पण काका कुणाचं ऐकायच्या पलीकडं गेले होते. ते जाऊन डंकाला पाठ लावून उभे राहिले, दोन्ही हात मागं, मुसळाला धरून. तेवढ्यात शिवशरण गाडीवरून आला. त्याला बघितल्यावर काकांचा आवाज एकदम उतरला. मी त्यांना हळू बोलताना पहिल्यांदाच ऐकलं.

"शिवा, काढा म्हणतोस तर काढतो. पर एक ऐक. मला तुमचं कुणाचं बोलणं धड ऐकू येत न्हाय. तुझं लहानपणचं गाणं म्हणणं मला ऐकू आलं न्हाय, तुझ्या आईचं रागावणं बी अर्धंच येतंय. ह्याचा आवाज तेवढा पुरा येतोय. पायातनं येतोय. ह्यो बंद पडला की मला वाटतंय, मी एकटाच हाय घरात."

शिवशरण हेल्मेट हातात धरून उभा राहिला. रत्नव्वाकाकू दुसरीकडं बघू लागल्या. आणि नेमक्या त्याच वेळी त्या गृहस्थांना शिंक आली. जोरदार. पंचा सुटला.

आतलं तोंड भोपळ्यासारखं सुजलेलं. वरचा ओठ नाकाला टेकलेला, दुसरा डोळा गायब.

"अगं बाई," काकू म्हणाल्या, "हे तर माशी चावल्यालं!"

मग उलगडा झाला. हे साताऱ्याकडचे मास्तर, हायवेला गाडी थांबवून झाडाखाली फोटो काढत होते, वर पोळं होतं. रिजवान कपाळ बडवून म्हणाला, "अल्ला! मला वाटलं ठसक्यासाठी बांधलाय पंचा. तरी कण्हत होते म्हणून मी दोनदा म्हणलो, दवाखाना वाटेत हाय. तर म्हणत्यात, तिथं साडेतीनच स्टार हाईत, हितं चार पॉइंट नऊ!"

"पावणं!" काका आता परत स्वतःच्या आवाजावर आले. "पहले दवाखाना! रिजवान, घे रिक्षा!" आणि स्वतः उडी मारून त्यांच्या शेजारी बसले. जाताना मास्तर सुजल्या ओठांनी विचारत होते, "मग क्रेन नाही ना लागणार?"

हातकणंगल्याचा माणूस आलाच नाही. दुपारी त्याचा शिवशरणला फोन आला, आवाज वैतागलेला. "दोनदा तुमच्या दारावरनं गेलो. गूगल म्हणतंय इथं विंचवावर इलाज करत्यात, आत एकजण तोंड बांधून ओरडालता. म्हणलं चुकीच्या जागी आलो. आता मला सांगलीत दुसरा मिळालाय."

शिवशरणनं फोन ठेवला आणि बराच वेळ भिंतीवरचं 'डंक म्हणजे डंक' वाचत बसला. मग आत येऊन म्हणाला, "आई, भाकरी." जेवताना वडिलांच्या ताटाकडं बघून, जरा मोठ्यानं, म्हणजे ऐकू येईल असं म्हणाला, "अप्पा, मृगापर्यंत म्हणलं होतं ना, मृगापर्यंत हाय."

दुसऱ्या दिवशी पवित्रा आली. तिनं फोन तांदळातून काढला, बघितला, आणि तिथंच पायरीवर बसली. "मावा, भारत?"

"देश हाय आपला," काका म्हणाले, पण खाली बघून.

तिनं दोन दिवस बसून सगळं सारखं केलं. जाहिरात उचगाव आणि आसपासच्या गावांपुरतीच. शब्द 'मिरची कुटून मिळेल', 'कांदा-लसूण चटणी'. आणि जे शब्द आले की जाहिरात दाखवायची नाही ते वेगळे: मधमाशी, विंचू, गांधीलमाशी, साप.

इथं काका अडले. "नको म्हणायचं? चावल्यालं माणूस दारात आल्यावर नको म्हणायचं व्हय?"

"मावा, त्यांच्या एकेका बोटाला आपले पैसे जातात. त्यात तुमचं बाकडं रिकामं राहतं."

"बाकडं भराय पायजे खरं. पर त्या इंदूरच्या बाईनं रडत कुणाला फोन करायचा?"

बोंबवाल्या काकांची बाजू एकदम नावाकडं गेली म्हणून रत्नव्वाकाकू खूश झाल्या. बराच वाद झाला. शेवटी तोल असा ठरला: बोंब मिरचीसाठी, नाव सगळ्यांसाठी. पैसे भरून फक्त चटणीवाल्यांना बोलवायचं. फुकटच्या बाजूला आपलं पान करायचं, त्यात दोन्हीची उत्तरं. एका किलोला ब्याडगी किती आणि संकेश्वरी किती, चटणीला बुरशी का येते, हे काकूंनी सांगितलं आणि मी लिहिलं. आणि पहिल्याच ओळीत, काकांच्या हट्टानं, जाड अक्षरात: 'माशी किंवा विंचू चावला असेल तर आमच्याकडे येऊ नका, दवाखान्यात जा, १०८ला फोन करा. बरे झाल्यावर चटणीला या.'

"एकाच पानात चटणी आणि विंचू, हे कुठल्याच कोर्समध्ये बसत नाही, अक्का," पवित्रा मला म्हणाली. तरी तिनं ते ठेवलं.

आठवड्याभरात बाकड्यावर बायका दिसू लागल्या. आसपासच्या गावांतून, जाहिरात बघून. मास्तरही आले, सूज उतरल्यावर ओळखू येईनात. बायको, मेहुणी आणि पोतंभर मिरची घेऊन आले होते. रिजवानच्या रिक्षात आता स्टेशनवरूनच मिरचीची पोती चढायची. मृगाच्या आधीच्या रविवारी तर एवढी गर्दी झाली की काकूंना चाळायला हात पुरेनात, आणि शिवशरण शर्ट काढून डंकावर उभा राहिला. पहिल्या तासाला तो बावीस वेळा शिंकला, असं पवित्रा सांगते. मोजलं कशाला म्हटलं तर म्हणाली, आमच्याकडे सगळं मोजतात. गाळ्याचं विचारायला एटीएमवाले आले तेव्हा तो डोळे पुसत म्हणाला, "जागा न्हाय ओ."

आता जाहिरात बंद आहे, सीझन संपला. पाऊस चालू आहे, डंक दिवसातून एखादा घाणा कुटतो. पण नाव आहे. आणि नावाचं असं आहे की ते एकदा झालं की आपलं ऐकत नाही. मधमाश्यांना बंदी घातली ती जाहिरातीत. फुकटच्या पानावर काका अजून कुठं कुठं वर दिसतात, आणि फोन वाजतच राहतो. पवित्रा म्हणते हळूहळू कमी होतील. काका म्हणतात, व्हायला कशाला पायजेत.

परवा मी ओवा कुटून आणायला गेले होते. मुसळं चालू होती, काकांचा एक हात डंकाच्या लोखंडावर टेकलेला. फोन वाजला. त्यांनी मोटर बंद केली, फोन कानाला लावला. पलीकडून घाबरा आवाज आला, "हॅलो, डंक?"

काकांनी घसा साफ केला आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं विचारलं,

"बोला पावणं! मिरची का माशी?"